तुला सेन्सरवर संशय आला

गजू, मेहकरात सगळे म्हणून राह्यले की तुझं यंत्र चुकलं.

सरणापाशीच कोणीतरी हळू आवाजात सुरुवात केली, "ज्याले मशीन कळत होती, तोच मशीनपाशी मेला." कापसाच्या जिनिंगचे शेठ हात जोडून उभे होते, त्यांनी मान हलवली. तेरवीच्या पंगतीपर्यंत ते बोलणं बरंच पुढं गेलं होतं. आकड्यांवर काय भरवसा, पुण्याहून आणलेलं खेळणं ते, सरकीच्या धुळीत काय चालणार. मी वाढत होतो. बुंदीची परात घेऊन मी त्याच माणसांपुढून गेलो, "आणखी घ्या ना" म्हणालो आणि पुढच्या पानाकडे सरकलो.

यंत्र चुकलं नव्हतं. हे मेहकरात एकट्या मला माहीत होतं, आणि मी बुंदी वाढत होतो.

आपल्या पॉलिटेक्निकच्या बॅचनं तुझ्यावर एक छोटा अंक काढायचं ठरवलंय. मला फोन आला, "तुम्ही दोघं एका खोलीत होते, तुझ्याशिवाय कोण लिहिणार? चांगल्या चांगल्या आठवणी लिही." मी हो म्हणालो. मी नेहमी हो म्हणतो, तुला ठाऊक आहे. तू म्हणायचास, "दिलप्याले नाई म्हणता येत नाई, म्हून तो हो म्हणते अन् करत नाई." या वेळी करतोय. चांगल्याच आठवणी येतील असं मात्र नाही.

पुण्याची नोकरी सोडून तू परत आलास तेव्हा सगळ्यात मोठ्यानं मी हसलो होतो. हिवरा आश्रमाच्या पलीकडं तुझ्या बापाचं शेत, त्यात वांगी आणि मिरच्या, आणि तू खांद्याला बॅग अडकवून डाळ मिल, जिनिंग, पाणीपुरवठ्याचे पंप असे दारोदार फिरत विचारणार, "तुमच्या मशीनचे हादरे मोजू का?" लोकांना वाटायचं तू विम्याचा एजंट आहेस. मग हळूहळू तुझं नाव पडलं, हादरेवाले सर. कोणी कौतुकानं मशीनचा डॉक्टर म्हटलं की तू चिडायचास. "डॉक्टर पेशंटले इचारू शकते, कोठी दुखते म्हून. मले कोण सांगते?"

त्याच काळात माझी सूतगिरणी बंद पडली आणि मी घरी बसलो. दाढी वाढली होती, दुपारी झोपायचो, बायकोशी वचावचा बोलायचो. तू दारात उभा राहिलास. सांत्वन नाही, चौकशी नाही.

"चाल बे. बॅग धराले माणूस पाह्यजे."

"मी काय हमाल हाये का?"

"हमाल परवडत नाई मले. म्हून तं दोस्ताकडं आलो."

रागात चप्पल घातली आणि निघालो. तो राग लोणारच्या एसटीत उतरला. तिथल्या एका डाळ मिलमध्ये तुला जायचं होतं, आणि सगळ्या रस्त्यात तू मला शिकवत होतास. चुंबकानं सेन्सर बेअरिंगच्या ठोकळ्यावर चिकटवायचा. हादऱ्याची लाट यंत्रात येते, हजारो ठिपक्यांची. त्या ठिपक्यांतून आकडे काढायचे. पहिला आरएमएस, म्हणजे सगळ्या हादऱ्याचा मिळून एकूण जोर किती. दुसरा कर्टोसिस, म्हणजे त्या लाटेत मधूनच उसळणारे तीक्ष्ण ठोके किती. चांगल्या बेअरिंगचा कर्टोसिस तीनच्या आसपास असतो. कुठं बारीकसा टवका उडाला की रोलर त्यावरून जाताना ठोका देतो आणि हा आकडा वर उडतो.

मला काही समजलं नव्हतं. तेवढ्यात एसटी एका खड्ड्यात आदळली आणि मागच्या सीटवरच्या बाईनं ड्रायव्हरचा उद्धार केला. तू जागेवरच वळलास.

"पाह्य! चांगला रस्ता, एकच खड्डा. बसली ना शिवी? हा कर्टोसिस."

पुढं रस्ता पूर्णच उखडलेला होता. गाडी सारखी हलत होती. सगळे दांडा धरून बसले होते.

"आता शिवी आयकू येते का? नाई ना? मंग रस्ता सुधरला का?"

"नाई."

"मंग काऊन गप्प बसल्या मावशी?"

"कोणत्या कोणत्या खड्ड्याले शिव्या देतीन?"

"बस! टवका एक हाये तवर कर्टोसिस चढते. बेअरिंग सारं खराब झालं का तो उतरते अन् तीनवर येऊन बसते, सज्जन मानसावानी. तवा आरएमएस पाह्य, तो चढेल असते. दोन्ही आकडे संगं पाह्याचे. एक पाह्यला तो फसला."

"माह्यावर काऊन बोलून राह्यले हो तुमी?" मागून आवाज आला.

"मावशी, जे मी अर्ध्या घंट्यात नाई शिकवू शकलो, ते तुमी याले एका शिवीत शिकवलं."

बाई हसली. मीही कितीतरी महिन्यांनी हसलो. हे एवढ्यासाठी सांगतो गजू, की मला माहीत नव्हतं असं मला कधीच म्हणता येणार नाही. उतरलेला कर्टोसिस म्हणजे काय, हे मला त्या दिवसापासून माहीत होतं.

पुढं तूच शेठकडं माझं नाव टाकलंस. जिनिंगमध्ये मेंटेनन्स पाहायला माणूस हवा होता. "मानूस शांत हाये, उगा बोलत नाई," एवढीच शिफारस केलीस. मी बोलत नाही, हा तुला माझा गुण वाटायचा.

तुझ्या घरी आलो की तू हाताला लागेल त्यावर सेन्सर चिकटवून बसलेला असायचास. शिवणयंत्र, कूलर, शोभा वहिनींचा मिक्सर. एकदा मिक्सरचा कर्टोसिस पाहून तू गंभीर चेहऱ्यानं म्हणालास, "याचं बेअरिंग गेलं. जास्तीत जास्त दिवाळी."

वहिनी आतून म्हणाल्या, "आधी सोताचा आवाज मोजा. मंग माह्या मिक्सरले नावं ठेवा."

दिवाळीच्या चकल्यांच्या भाजणीच्या वेळी मिक्सर जळला. तुला इतका आनंद झाला की वहिनी दोन दिवस बोलल्या नाहीत.

आणि आपलं भांडण. ते काही संपलं नाही. मी म्हणायचो, एकूण काय ते पाहावं, माणसाचं असो की मशीनचं. एखादा ठोका कोणाच्याही आयुष्यात वाजतो, त्यावरून काय धरून बसायचं? सरासरीवर चालावं. तू म्हणायचास, "सरासरीत सारं बुडते बे. एवढा टवका पडला तं सरासरीले खबर नसते. मानूस मरते त्या ठोक्यानं, अन् सरासरी म्हणते, बाकी वर्ष चांगलं गेलं." मी म्हणायचो, तुला भीतीच विकायची आहे. तू म्हणायचास, तुला झोपच घ्यायची आहे. तुझं बरोबर आहे, हे मला बऱ्याच आधी पटलं होतं. म्हणालो नाही. ते म्हणणं मी कुठल्यातरी मोठ्या प्रसंगासाठी राखून ठेवलं होतं, असं आता वाटतं. काय मूर्ख माणूस होतो.

मागच्या सीझनची गोष्ट आता सांगायलाच हवी. कापूस ओढणाऱ्या मोठ्या पंख्याच्या बेअरिंगचा कर्टोसिस चढला. तू म्हणालास, बंद करा. मी शेठना सांगितलं, भर सीझनमध्ये जिनिंग बंद केली. बाहेर कापसाच्या गाड्या उभ्या. बेअरिंग खोललं, पुसलं, सगळे गोल करून उभे. आतल्या रिंगवर मुगाच्या दाण्याएवढा टवका. तू तो बोटानं दाखवत होतास, तुझा चेहरा उजळला होता. "पाह्यलं? आजच सापडला. अजून काही झालं नाई."

शेठ म्हणाले, "येवढ्यासाठी?"

सगळे हसले. पाळीवरचे, हमाल, दारावरचा चौकीदार. शेठ माझ्याकडे वळले, "दिलीपराव, अख्खं बेअरिंग चांगलं होतं हो. तुमच्या दोस्ताले मूग दिसला अन् तुमी जिनिंग बंद केली."

तू माझ्याकडे पाहत होतास. मी म्हणायला हवं होतं की शेठ, आज मूग आहे, उद्या पंखा फुटला असता. मी काय केलं? मीही हसलो. अगदी थोडं, तोंडाच्या एका कोपऱ्यानं. तू ते पाहिलंस. रिंग फडक्यात गुंडाळून बॅगेत टाकलीस आणि बाहेर चहाच्या टपरीवर मला म्हणालास, "आपल्या धंद्याचं असंच हाये. टायमावर सांगतलं तं खोटं वाटते. खरं ठरलं तं टाइम गेलेला असते." माझ्या हसण्याबद्दल अवाक्षर काढलं नाहीस. काढलं असतंस तर बरं झालं असतं.

वर्षभर जिनिंगमध्ये मला "मूग" म्हणून चिडवायचे. डब्यात उसळ असली की कोणीतरी म्हणायचं, "साहेब, जपून, बंद करा लागन." मी चिडायचो नाही. मी आत ठेवतो.

या सीझनला त्याच पंख्याच्या दुसऱ्या बाजूचा कर्टोसिस चढला. तूच मोजलंस. तू म्हणालास, "याले जास्त दिवस नको ठेवू दिलप्या." मी म्हणालो, रविवारी बाजार बंद असतो, तेव्हा काढू. एक रविवार गेला. शेठनी त्या दिवशीही जिनिंग चालवायला लावली, कापूस साचला होता. मी काही बोललो नाही. तुला चिखलीकडच्या कामाला जायचं होतं. यंत्र माझ्याकडे ठेवून गेलास. "रोज मोज. दोन्ही आकडे सांग मले."

आणि एके सकाळी आकडा उतरला होता. कर्टोसिस तीनवर. आरएमएस दुपटीच्या वर. मी पुन्हा मोजलं, तेच. सेन्सर काढला, ठोकळा पुसला, परत चिकटवला. तेच. हात ठोकळ्यावर ठेवला तर सगळा घुमत होता, एकसारखा.

मला कळलं, गजू. मी पंख्यापाशी उभा होतो आणि मला स्पष्ट कळलं होतं.

तिथून मी ऑफिसात गेलो. शेठनी विचारलं, "काय म्हणतो तुमचा मूग?" मी म्हणालो, "उतरलाय आकडा." हे खोटं नव्हतं. शेठ खूश झाले, चहा सांगितला. मनात मी ठरवलं की येत्या रविवारी काहीही करून गुपचूप बेअरिंग बदलायचं. चार दिवस काढेल. मशीन आहे, काढते. असं आपण सगळेच म्हणतो.

चहा पीत असताना तुझा फोन आला. शेठ समोर बसलेले.

"काय बे, पंखा काय म्हणते?"

"उतरला तुहा कर्टोसिस. तीनवर आला."

"अन् आरएमएस?"

"तेवढाच हाये."

"तेवढाच?"

"हाव ना. सांगून राह्यलो ना."

का म्हणालो? शेठ समोर होते म्हणून, हे एक. मूग म्हणून पुन्हा हसतील म्हणून, हे दुसरं. पण याच्याखाली आणखी एक होतं आणि तेच सगळ्यात घाण आहे. 'उतरला तुहा कर्टोसिस' म्हणताना मला बरं वाटलं. इतक्या वर्षांच्या भांडणात एकदा तुझा आकडा खोटा पडला असं तुला सांगायला मिळालं, आणि ते सांगताना मला गोड लागलं. मी खरं जाणत असूनही.

तू फोनवर म्हणालास, "असं नाई होत गड्या. तो उतरला तं हा चढाले पाह्यजे. सेन्सर बरोबर बसला नसन. खाली कचरा असन, नाईतं चुंबकाची पकड गेली असन. मी येतो उद्या."

"कायले येतं? रविवारी काढतोच हाओ."

"येतो ना बे. तुह्याकडं जेवतो, मंग तं झालं?"

तुला सेन्सरवर संशय आला. चुंबकावर आला, कचऱ्यावर आला. माझ्यावर आला नाही. दोन आकडे एकमेकांशी जुळत नव्हते, तेव्हा कोणीतरी खोटं बोलत होतं, आणि त्या सगळ्यात बोलू शकणारा एकटा मीच होतो. तरी तुझ्या डोक्यात ते आलं नाही. खरा आकडा सांगितला असता तर तू त्याच फोनवर ओरडला असतास, आत्ता बंद कर, कोणाले जवळ जाऊ देऊ नको. तुला चिखलीहून यायची गरजच नव्हती. तू माझा आकडा तपासायला आलास. माझी बाजू सुधारायला आलास, असंही म्हणता येईल. दोस्ताचं रीडिंग चुकत असेल तर दुरुस्त करून द्यावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी तू आलास. यंत्र माझ्या हातून घेतलंस, पंख्यापाशी जाऊन बसलास. मी समोर पॅनलपाशी होतो. मग बेअरिंग गेलं, शाफ्ट खाली बसला, आतलं चाक पंख्याच्या पत्र्याच्या कवचावर घासलं आणि पत्रा फाटून बाहेर आला. यापुढचं मी लिहू शकत नाही. वहिनींनी तुला पाहिलं तेव्हा मानेपर्यंत चादर होती, एवढं मी केलं. तुझं यंत्र त्या पत्र्याखाली चुरा झालं. मी घेतलेलं रीडिंग कुठं साठवलं नव्हतं, कुठं लिहिलं नव्हतं. तो आकडा फक्त माझ्या डोळ्यांनी पाहिलेला आहे.

चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "आधी काही लक्षण होतं?" मी म्हणालो, "आकडा उतरला होता, साहेब." ते लिहून घेऊन गेले. शेठनी माझ्या पाठीवर हात ठेवला. आणि गावात ते बोलणं सुरू झालं, तुझं यंत्र चुकलं म्हणून. मी फक्त एक शब्द गाळला होता. बाकी सगळं लोकांनी केलं.

तेरवी झाली, पाहुणे गेले. मी भांडी आवरायला थांबलो होतो. तुझी मेघा समोर येऊन उभी राहिली. कॉलेजला मेकॅनिकलला आहे ती आता. तुझ्यासारखीच सरळ विचारते.

"काका, बाबांचा आकडा चुकला होता का?"

"जाऊ दे ना बेटा आता."

"नाही, सांगा. मी वर्गात सगळ्यांना सांगत असते, माझे बाबा हे काम करतात म्हणून. आबा म्हणून राहिले की बॅग विकून टाका, खोटी विद्या आहे. मला माहीत पाहिजे. कर्टोसिस उतरला होता ना? मग आरएमएस चढलेला असला पाहिजे. तुम्हीच मोजलं होतं ना?"

मला दिसलं की तिला समजायला लागलंय. तुला जे सुचलं नाही, ते तिला सुचत होतं, तिथं, माझ्यासमोर. ते तिच्या तोंडून निघायच्या आत मी बोललो. आरएमएस दुपटीच्या वर होता. बाबांनी विचारलं. मी तेवढाच आहे म्हणालो. बाबांचं काही चुकलं नाही.

ती आत गेली आणि दार लावून घेतलं. शोभा वहिनी उंबऱ्यात उभ्या होत्या, सगळं ऐकलेलं. मला वाटलं, त्या काहीतरी फेकून मारतील. मला ते हवं होतं.

"म्हंजे त्यायनं इचारलं, अन् तुमी खोटं सांगतलं."

"हो."

"अन् पंगतीत लोक बोलत होते, तवा तुमी वाढत होते."

"हो, वहिनी."

"मंग मले कायले सांगता? मी का तं हादरे मोजत होती? ज्या पंगतीले बुंदी वाढली ना भाऊ, त्या पंगतीले सांगा. त्या साहेबाले सांगा. शेठले सांगा. माह्या पोरीच्या बापाले लोकाईनं खोटं ठरवलं."

मी शेठना सांगितलं. ते म्हणाले, "झालं ते झालं. आता कायले उकरता? तुमचंही घर आहे." पाळी बदलताना दारात उभं राहून मी सगळ्यांना सांगितलं. कोणी शिवी दिली नाही. एक जण म्हणाला, "साहेब, तुमच्या मनाले लागलं हे. घरी जाऊन आराम करा." ते मला माफ करत होते, आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. त्यांचं काय गेलं होतं, माफ करायला? चौकशीच्या साहेबांकडेही जाऊन आलो, जबाब बदलून दिला. त्याचं जे व्हायचं ते होईल. शेठनी कामावरून काढलं नाही. काढतील असं मला वाटलं होतं, काढलं असतं तर हायसं वाटलं असतं. नवा पंखा बसलाय. मी त्याचे हादरे मोजतो. आकडा चांगला येतो, आणि मी तो चांगला आहे असं म्हणतो, आणि माझा माझ्यावर विश्वास बसत नाही.

इथं हे संपवता आलं असतं. कबुली दिली, तुझं नाव साफ झालं. बॅचवाल्यांना एवढं पुष्कळ झालं असतं, किंवा जरा जास्तच.

पण त्या दिवशी, मी चपला घालत असताना, वहिनींनी आणखी एक विचारलं होतं. आवाज अगदी खाली आला होता त्यांचा.

"शेवटी, तिथं बसले असतानी, त्यायनं तुमाले काही म्हटलं का भाऊ? काही इचारलं?"

मी म्हणालो, "नाही वहिनी. काही नाही. लगेच झालं सगळं."

त्यांनी मान हलवली. जरा बरं वाटलं त्यांना, असं मला दिसलं. मी निघालो. म्हणजे ज्या उंबऱ्यावर मी खरं बोललो, त्याच उंबऱ्यावर, चपलेत पाय घालता घालता, पुन्हा खोटं बोललो. वहिनी हे वाचतील. मेघाही वाचेल. त्यांच्यासमोर जे निघालं नाही ते इथं लिहितो.

लगेच झालं नव्हतं.

जिनिंग चालू असताना तिथं आवाजात बोलता येत नाही, हातानं बोलावं लागतं. तळवा खाली दाबला की बंद कर. तळवा समोर धरला की थांब. आणि पंखा कधी एकदम बंद करत नाहीत. पाइपात कापूस भरलेला असतो, ओढ तुटली की तो तिथंच गच्च बसतो आणि काढायला अर्धी पाळी जाते. म्हणून आधी कापसाच्या गंजीवरच्या, ढिगावरच्या माणसांना कापूस टाकणं थांबवायला लावायचं, पाइप रिकामा होऊ द्यायचा, मग बटण दाबायचं. हे आमच्या हाताला इतकं बसलेलं आहे की त्याला डोकं लागत नाही.

तू सेन्सर चिकटवलास. यंत्राकडे पाहिलंस. बराच वेळ पाहत राहिलास. मग बेअरिंगच्या ठोकळ्याला बोट लावलंस आणि झटक्यानं मागे घेतलंस. तापला होता. तू मान वर केलीस आणि हॉलच्या पलीकडून माझ्याकडे पाहिलंस. त्या वेळी तुझ्या हातातल्या यंत्रावर खरा आरएमएस होता. म्हणजे तुला कळलेलं असणार, की सेन्सर कालही बरोबर बसला होता. तुझ्या चेहऱ्यावर काय होतं ते मला धुळीत नीट दिसलं नाही. मी रोज ते पाहायचा प्रयत्न करतो. राग असता तर चाललं असतं. दिसतच नाही.

तू तळवा खाली दाबलास. बंद कर.

लाल बटण माझ्या हाताखाली होतं, गजू. पाइप भरलेला होता. मी गंजीकडे पाहिलं, आणि माझा तळवा वर उठला. थांब. पाइप रिकामा होऊ दे.

तू मान डोलावलीस. जिनिंगची रीत तुलाही ठाऊक होती, आणि थांब म्हणणारा मी होतो.

तू थांबलास.